कोपरीच्या फ्रिजमधलं औषध

कोपरी, ठाणे पूर्व
६ जानेवारी २०२५

ज्यांना भाच्याच्या लग्नाची बातमी सगळ्यात शेवटी कळते आणि मांडवात खुर्ची सगळ्यात मागची मिळते, अशा माझ्या तमाम मामाबंधूंनो,

सुरुवात सभेसारखी झाली, चालवून घे. तीस वर्षं व्याख्यानमालांमधून बोलल्यावर समोर एकच श्रोता असला तरी हात आपोआप वर जातो. श्रोता तू, चि. अनिमेष. तक्रार माझी.

काल आमची हेमा, तुझी आई, डोंबिवलीहून आली. हातात निळी बर्फाची पेटी. मला वाटलं, बहीण भावाला मासे घेऊन आली. म्हणाली, "दादा, हे जरा तुझ्या फ्रिजमध्ये ठेव. रुचिताचे आईवडील अनिमेषचा फ्लॅट बघायला येताहेत. फ्रिज उघडला तर काय सांगायचं?" आत तुझं औषध. गेल्या महिन्यापासून हेमाच्या तोंडून 'हिमोफिलिया' हा शब्दच नाहीसा झालाय. काल तिने त्याला 'ते तुमचं' म्हटलं. म्हणजे माझं आणि तुझं. तिचा जणू संबंध नाही.

म्हणून मी तो शब्द इथे पूर्ण लिहितो. रक्त गोठवणारं एक प्रथिन तुझ्या माझ्या शरीरात बनत नाही. लागलं की थांबत नाही, आणि न लागताही सांध्यात आतल्या आत रक्त भरतं. माझा डावा गुडघा त्यातच गेला. माझ्या लहानपणी औषध म्हणजे बर्फ आणि आईचे उपास. पुढे ते प्रथिन बाहेरून टोचायची सोय झाली, पण शरीर त्याला फार वेळ राहू देत नसे. आज टोचलं, परवापर्यंत बहुतेक गेलं. मग कुणा शहाण्या माणसांनी वर्षानुवर्षं डोकं फोडून एक युक्ती काढली. त्या प्रथिनाला रक्तातल्याच एका मोठ्या, मानाच्या प्रथिनाचं बोट धरायला दिलं. पेशी रक्तातलं गिळतात आणि पचवतात, पण हा मानाचा पाहुणा दिसला की त्याला पचवत नाहीत, सन्मानाने परत रक्तात सोडतात. बोट धरलेलं आपलं लेकरूही त्याच्याबरोबर सुटतं. म्हणून तुला आठवड्यातून एक सुई पुरते.

हे कशासाठी केलं असेल त्यांनी? एखाद्या मुलाने सायकल चालवावी, शाळेच्या सहलीला जावं म्हणून. आणि आपल्या घराण्याने त्याचा काय उपयोग शोधला? एकदा टोचलं की उरलेला आठवडा खोटं बोलायला मोकळा.

आणखी एक. हेमाने रुचिताच्या आईला सांगितलं, माझा पाय स्कूटरच्या अपघातात गेला. तुझ्या वडिलांनी तिच्या वडिलांना सांगितलं, लहानपणी पोलिओ झाला होता. तू रुचिताला काय सांगितलंस ते काल हेमाकडून कळलं. कबड्डी. माझ्या एका गुडघ्याची तीन चरित्रं झाली. व्याही एकमेकांशी बोलत असतील तर निदान आपापसात एक ठरवून घ्या.

या आठवड्याची कुपी मारुती रिक्षावाल्याबरोबर पाठवतो आहे. पत्र पेटीत आहे. तू कागदावर उत्तर पाठवावंस असं तुझ्या आईने बजावलंय. कारण मात्र सांगितलं नाही.

तुझा,
हरिहरमामा

*

घोडबंदर रोड
१० जानेवारी

मामा, नमस्कार.

कागद कशाला ते सांगतो. मी आणि रुचिताने साखरपुड्यानंतर एकमेकांना फोनचे पासवर्ड दिलेत. आमच्यात काहीच लपवाछपवी नाही. म्हणून फोनवर हे काही लिहू नकोस.

हसू नकोस, मला माहितेय तू हसतोयस.

कबड्डीचं सॉरी. ती विचारत होती आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. पण तिला ते इतकं आवडलं ना, तिच्या बँकेत सगळ्यांना सांगून आली, याचा मामा ठाणे जिल्ह्याकडून खेळलाय. जिल्हा तिने स्वतःच जोडला, मी नाही.

बघ मामा, तुझा काळ वेगळा होता. तुझा आजार दिसायचा. माझा दिसत नाही. मी जिमला जातो, ट्रेकला गेलेलो, ऑफिसात कुणाला पत्ता नाही. आठवड्यातून एक सुई, दहा मिनिटं, विषय संपला. लोक यापेक्षा जास्त वेळ केस रंगवण्यात घालवतात. आता लग्नाआधी सांगितलं तर तिचे घरचे गूगल करणार आणि गूगल तुझा गुडघा दाखवणार. लग्न झाल्यावर सांगीनच ना. तोपर्यंत ती मला ओळखत असेल.

आता एक नाजूक गोष्ट. मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्याच्या मागे मामा उभा राहतो. आईचं म्हणणं, तुला एवढा वेळ उभं राहायला त्रास होईल. बाबांचे मित्र प्रभाकरकाका उभे राहायला तयार आहेत. तू पुढच्या सोफ्यावर बस, व्हीआयपी. राग मानू नकोस.

अनिमेष

*

कोपरी
१३ जानेवारी

चि. अनिमेष,

प्रभाकरकाका चांगला माणूस आहे. त्याला तुझा मामा कर, तुझा काका कर, हवं तर तुझी मावशी कर. पण तो तुझ्या मागे उभा राहणार ते माझ्या पायाला त्रास होतो म्हणून नाही. माझा पाय व्याह्यांना दिसतो म्हणून. मला लपवायचं, आणि औषध मात्र माझ्याकडेच लपवायचं. निदान एक काहीतरी निवडा.

आजार दिसत नाही म्हणतोस. बरोबर. का दिसत नाही? औषध टिकतं म्हणून. मग मान त्या औषधाचा कर. तू त्याच्या आडोशाला उभा राहून म्हणतोयस की इथे काही आजारच नव्हता.

आणि 'विषय संपला' हे तू कोणत्या पुस्तकात वाचलंस? विषय तुझ्यापाशी संपत नाही. तुला मुलगे झाले तर त्यांना हे येणार नाही. मुली झाल्या तर एकूण एक मुलगी हे पुढे घेऊन जाणार, आणि त्यांच्या मुलांत कधी कुठे निघेल ते कुणी सांगावं. माझी मुलगी देवयानी तशीच आहे. तिला हे वयात आल्यावर मी सांगितलं आणि तिने नवऱ्याला बघण्याच्या कार्यक्रमातच सांगितलं. चहा प्यायच्या आधी. ती म्हणते, चहा घेतल्यावर नकार द्यायला लोकांना जड जातं, मी त्यांची सोय बघितली.

माझं स्वतःचं सांगतो. शेवंतीच्या आधी ज्या ज्या मुलीला खरं सांगितलं तिच्याकडून नकार आला, आणि त्यातल्या एकीवरही माझा राग नाही. शेवंतीने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग तुम्ही भाजी चिरत नसाल ना?" मी म्हणालो, नाही. अजून चिरत नाही. एवढाच तोटा झाला तिचा, असं ती सांगते. खरे तोटे बरेच आहेत, पण ते तिने माहीत असून पत्करले. या 'माहीत असून'वरच माझं लग्न उभं आहे.

रुचिताला मी आपणहून काही सांगणार नाही. रक्त तुझं, तोंडही तुझंच हवं. हा शब्द देतो. पण मला कुणी माझ्या पायाबद्दल विचारलं तर कबड्डी खेळणार नाही. हाही शब्दच समज.

मामा

*

डोंबिवली पूर्व
२० जानेवारी

ती. दादा, सा. न.

अनिमेषला तू लिहिलेलं पत्र मी वाचलं. पेटी यायच्या दिवशी मी त्याच्याकडे असते, मीच उघडते आधी. मला तेवढा हक्क आहे.

तू वक्ता आहेस, मी आई आहे. तुझं काम बोलून संपतं. मला बोलल्यानंतर घर चालवायचं असतं. तुला आठवत नसेल, मी आठवण देते. तू गणेशोत्सवात व्यासपीठावरून सांगितलंस, "माझ्या घराण्यात हिमोफिलिया आहे आणि मी तो लपवणार नाही." टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात माझं पक्कं झालेलं स्थळ मोडलं. त्याच्या पुढचंही मोडलं. टाळ्या तुला, नकार मला. शेवटी ह्यांच्याकडे आईने काही न सांगता केलं आणि माझं लग्न झालं. अनिमेष रांगायला लागला, गुडघे निळे पडले, तेव्हा ह्यांना कळलं. ह्यांनी एक शब्द काढला नाही. संसार झालाच ना?

मुलींचं तू लिहिलंस, पण मुलींना हे होत नाही. मी डॉक्टरांकडूनच ऐकलंय. म्हणून मी तिसगावच्या देवीला नवस बोलले आहे, अनिमेषला मुलीच होऊ दे. दोन झाल्या तरी चालतील. म्हणजे विषय मिटला.

तुझ्या पाया पडते दादा, लग्न होईपर्यंत गप्प बस. आयुष्यात एकदा.

हेमा

*

कोपरी
२३ जानेवारी

प्रिय हेमा,

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नातीच होऊ देत म्हणून नवस बोलणारी आजी तू एकटीच असशील. एरवी मी तुझा जाहीर सत्कार केला असता. पण तू चुकीचा अर्ज घेऊन देवीच्या दारात गेलीस. मुलींना बहुधा त्रास होत नाही, एवढंच तू ऐकलंस. पुढचं वाक्य ऐकायला थांबली नाहीस. अनिमेषची प्रत्येक मुलगी तुझ्यासारखी असेल. त्यात दैवावर काहीही सोडलेलं नाही. तुझ्यासारखी म्हणजे एक दिवस रांगणाऱ्या पोराचे निळे गुडघे बघून त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावणारी. तेव्हा तिला आधी माहीत असावं की तुझ्यासारखं नंतर कळावं, एवढाच प्रश्न आहे.

तुझी स्थळं माझ्या भाषणाने मोडली. खरं आहे. मोडायलाच हवी होती. आजार कळल्यावर पळणारा माणूस आजार दिसल्यावर काय करणार होता? तुझा नवरा गप्प राहिला, हा त्याचा मोठेपणा. आईने त्याला न सांगता लग्न लावलं, हा त्याच्यावरचा अन्याय. तो तीस वर्षं हसतमुख आहे म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही.

पेटी तू उघडतेस हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मी दोघांशी एकाच टपालखर्चात बोलतो.

दादा

*

घोडबंदर रोड
३० जानेवारी

मामा,

अर्जंट. हे पत्र आणणाऱ्या मारुतीबरोबरच कुपी लगेच पाठव. डॉक्टरांशी बोललोय, डबल घ्यायला सांगितलंय. आईला कळवू नकोस, पेटी सरळ माझ्याकडे.

काय झालं ते सांगतो, ओरडू नकोस. काल उपवन तलावावर प्रीवेडिंग शूट होतं. फोटोवाला म्हणाला, सर, मॅडमला उचलून गोल फिरवा. फिरवलं. तो म्हणाला, ओढणी नीट उडाली नाही, परत. मग सूर्य ढगात गेला, परत. मग मागून एक कुत्रा आला, परत. संध्याकाळी गुडघा गरम झाला. सकाळी नारळाएवढा. वाकत नाही.

सुई गेल्या आठवड्यातच ड्यू होती. रुचिताचे आईवडील मध्येच राहायला आलेले, पडदे लावायला म्हणून. कोपरीहून पेटी आणायची कशी? आणि घोडबंदरचा ट्रॅफिक तुला माहितेय. मी म्हटलं, जाऊ दे. माझं लॉजिक चुकीचं नव्हतं. हे औषध काही दिवसांत अर्धं होतं. मग त्याचं अर्धं. मग त्याचंही अर्धं. गणिताने ते कधीच झीरो होत नाही. म्हणजे थोडं कव्हर कायम असतंच. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, असं वाटलेलं.

एक गोष्ट बरी झाली. रुचिताला वाटतंय तिच्या वजनाने झालं. तिची आई पण तिला तेच बोलली. ती कालपासून फक्त सूप पितेय. मी म्हटलं, अगं तसं काही नाही, पण मग कसं ते सांगता येईना, तर जास्त बोललो नाही. तशीही तिला लग्नाआधी बारीक व्हायचंच होतं.

अनिमेष

*

कोपरी
३० जानेवारी

अनिमेष,

मारुती खाली थांबलाय, म्हणून थोडक्यात.

शून्य होत नाही, हे खरं. बादलीच्या तळाशी एक थेंब उरला तरी बादली शून्य नसते. उद्या त्यात आंघोळ करून दाखव.

लोकांनी त्या प्रथिनाचं आयुष्य वाढवलं, ते तू सुई टाळावीस म्हणून नाही. सुई वेळेवर घेणं तुला जमावं म्हणून. वेळ तुला लांब मिळाली, ती तू आणखी ताणलीस. संशोधकांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त पडदे लावायला येणाऱ्या सासूसासऱ्यांचा केला नव्हता.

आता पत्राचा शेवटचा भाग. 'एक गोष्ट बरी झाली', असं तू लिहिलंस. मी ते वाक्य शेवंतीला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली. अरे, आजपर्यंत तू गप्प होतास. गप्प बसणाऱ्याला मी भित्रा म्हणतो. कालपासून तुझं दुखणं तू एका निरपराध मुलीच्या अंगावर टाकलंयस, आणि ती ते उपाशीपोटी वाहते आहे. या माणसाला काय म्हणायचं, तो शब्द पत्रात लिहिण्यासारखा नाही. समोर आलास की सांगेन.

पेटीत सगळ्या कुप्या आहेत. एकही ठेवली नाही. आजपासून माझ्या फ्रिजमध्ये फक्त कोकमाचं आगळ आणि शेवंतीची चटणी. मी स्वतः अजून जुन्याच औषधावर आहे, सरकारी दवाखान्यातून लागेल तेव्हा घेतो, त्याला इथे जागा लागत नाही. तुझं औषध तुझ्या घरात, तुझ्या फ्रिजमध्ये, डोळ्यांसमोरच्या कप्प्यात राहील.

तुझं आणि रुचिताचं केळवण सोळा तारखेला आमच्याकडे. तिला निमंत्रण मी टपालाने पाठवलंय, अक्षता लावून. त्यात केळवणाशिवाय काही नाही. घाबरू नकोस.

मामा

*

कल्याण पश्चिम
४ फेब्रुवारी

ती. हरिहरमामांना, शि. सा. न.

तुमचं निमंत्रण मिळालं. हाताने लिहिलेलं, अक्षता लावलेलं. आमच्या घरात असं पत्र कितीतरी वर्षांनी आलं, पप्पांनी ते शेजाऱ्यांनाही दाखवलं. अनिमेष म्हणाला तुम्ही फोनवर मेसेज बघत नाही, म्हणून मीही पत्रच लिहिते. चुका पोटात घाला. बँकेत लिहायचं म्हणजे फक्त सही.

आम्ही सोळाला नक्की येऊ. मामींना सांगा, माझ्यासाठी गोड काही करू नका. मी सध्या भात, पोळी, गोड सगळं बंद केलंय. तुम्हाला कळलं असेलच. शूटच्या दिवशी अनिमेषने मला उचललं आणि त्याचा गुडघा गेला. तो बिचारा एका शब्दाने मला बोलला नाही. उलट माझ्याशी नजरच मिळवत नाही, इतकं त्याला माझं वाईट वाटतंय. मम्मी म्हणते, लग्नात हार घालताना त्याला उचलायची वेळ आली तर शोभा होईल. मला चक्कर येते अधूनमधून, पण होईल सवय.

मामा, तुम्हाला एक विचारायचंय. तुमचाही गुडघा कबड्डीत गेलाय ना? तेव्हा तुम्ही कुठलं तेल लावलेलं? मी तिळाचं आणून ठेवलंय, गरम करून रोज चोळीन म्हणते. तो हात लावू देत नाही, लाजतो. माझी आजी मोहन्याला राहते, तिथे पोपटराव म्हणून आहेत, ते हाडं आणि शिरा बसवतात. तिथल्या बंद पडलेल्या कंपनीतले जुने कामगार अजून त्यांच्याकडेच जातात. एकदा पाय धरून जोरात ओढला की मोकळा होतो म्हणे. रविवारी नऊ तारखेला मी त्यांना घेऊन घोडबंदरला जाणार आहे. अनिमेषला सांगितलेलं नाही, तो नाही म्हणेल. सरप्राइज आहे. तुम्ही पण सांगू नका हं.

तुमची होणारी सून,
रुचिता

*

कोपरी
५ फेब्रुवारी

अनिमेष,

रुचिताने मला सांगू नका म्हटलं होतं. तुझी सगळी गुपितं सांभाळल्यावर तिचं एक मोडायची पाळी माझ्यावर आणलीस. मोडतो.

रविवारी ती मोहन्याच्या पोपटरावांना घेऊन येते आहे. रक्त भरलेल्या गुडघ्याला आधी गरम तेल, मग चोळणं, मग जोरात ओढणं. यातलं एकेक काय करतं ते तुला माहीत आहे, कारण माझ्या गुडघ्याचं त्याच क्रमाने झालं होतं. आईने कुणाचं तरी ऐकून असेच एक गृहस्थ आणले होते. त्यांनी ओढला. पोलिओ, स्कूटर आणि कबड्डी या तिघांची मिळून खरी गोष्ट ती आहे.

ती हे तुझ्यावर प्रेम आहे म्हणून करते आहे. तिला चक्कर येते आहे. तू नजर मिळवत नाहीस याचा अर्थ तिने काय लावलाय, तो तिच्याच अक्षरात वाच. तिचं पत्र सोबत आहे.

तिने मला पायाबद्दल विचारलंय. मी काय शब्द दिला होता तो तुझ्याकडे कागदावर आहे. माझं उत्तर मी शुक्रवारी पाठवणार. त्याच्या आधी तू बोललास तर माझं पत्र शिळं होईल. इतक्या आनंदाने मी आजवर कुठल्याच भाषणावर पाणी सोडलेलं नाही.

मामा

*

घोडबंदर रोड
६ फेब्रुवारी

मामा,

तिचं पत्र वाचलं. दोनदा.

सांगतो. खरंच सांगतो. पण आज प्रेझेंटेशन आहे, उद्या आई येतेय, शनिवारी पत्रिका वाटायला जायचंय. रविवारी मी घरीच नसेन, म्हणजे पोपटरावांचा प्रश्न मिटला, मी तिला म्हणेन अचानक ऑफिसला जावं लागलं. सोमवारी सांगतो. नक्की. तोपर्यंत तू काही लिहू नकोस.

अनिमेष

*

कोपरी, ठाणे पूर्व
७ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिता, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शेवंतीने लगेच ठरवलं की सोळाला पुरणपोळीच होणार. तुझी सूचना फेटाळण्यात आली आहे.

तू विचारलंस, गुडघ्याला कुठलं तेल लावलं. उत्तर देतो. मी आयुष्यात कबड्डी खेळलेलो नाही. ठाणे जिल्ह्याकडून तर नाहीच, आमच्या आळीकडूनही नाही. मला स्कूटर येत नाही. पोलिओही झाला नव्हता. तुझ्या आईला, वडिलांना आणि तुला माझ्या गुडघ्याची वेगवेगळी माहिती मिळाली आहे. कधी एकत्र बसलात तर ताडून बघा, करमणूक होईल.

मला जन्मापासून हिमोफिलिया आहे. माझं रक्त नीट गोठत नाही. सांध्यात आपोआप किंवा थोड्याशा ताणाने रक्त साचतं, गुडघा गरम होतो, फुगतो, वाकत नाही. तशा गुडघ्याला तेल लावायचं नसतं, शेकायचं नसतं, चोळायचं नसतं. आणि कुणी पाय धरून ओढला तर काय होतं, ते बघायला माझ्याकडे ये. पोपटरावांचा हात कितीही गुणी असेल, या गुडघ्यापासून तो लांबच बरा. अशा माणसाला लागतं ते एक औषध, शिरेतून, वेळच्या वेळी. पूर्वी ते अंगात टिकत नसे. आता काही शास्त्रज्ञांच्या कृपेने आठवडाभर टिकतं. ते घेणारा माणूस चालतो, नाचतो, नोकरी करतो, कुणाला संशयही येत नाही. फक्त ते वेळेवर घ्यावं लागतं. घ्यायचं राहिलं, आणि मग कुणी फोटोवाल्याने पुन्हा पुन्हा काही उचलायला लावलं, तर फुलांची परडी उचलूनही गुडघा फुगेल.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. माझ्या आईकडून तो माझ्याकडे आला. मला एक सख्खी बहीण आहे. तिला एक मुलगा आहे. मी कुणाला शब्द दिला आहे की त्याच्याबद्दल तुला काही सांगणार नाही, आणि हे बघ, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

पण तुझ्याबद्दल मी कुणालाही शब्द दिलेला नाही, म्हणून ते मोकळेपणाने सांगतो. तुझ्या वजनाने जगातल्या कुणाचाही गुडघा सुजलेला नाही. आज घरी गेल्यावर पोटभर भात खा. तुझी आई काही म्हणाली तर माझं नाव सांग.

शेवंतीला मी हे सगळं लग्नाआधी सांगितलं होतं. ती हो म्हणाली. इतर काहीजणी नाही म्हणाल्या होत्या. दोन्ही उत्तरं मला सारखीच मानाची वाटतात, कारण ती माहीत असून दिलेली होती. तू हो म्हणालीस तर मला आनंद आहे. तू नाही म्हणालीस तरी सोळा तारखेची पुरणपोळी तुझी आहे. मात्र तुला प्रश्न विचारायच्या आधीच तुझं उत्तर दुसऱ्या कुणी गृहीत धरून ठेवावं, हे मला मान्य नाही. तो दुसरा कुणी माझ्या रक्ताचा असला तरी.

हे पत्र मारुतीने स्वतः कल्याणला येऊन तुझ्या हातात द्यावं, असं मी त्याला सांगितलं आहे.

उद्या शनिवार. तो घरी असेल, पत्रिका वाटायला निघायच्या तयारीत. रविवारपर्यंत थांबू नकोस, पोपटरावांना बरोबर नेऊ नकोस. सकाळीच घोडबंदरला जा, अनिमेषला समोर बसव, आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याला मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
हरिहरमामा